घड्याळाने सवयी बघाव्यात, बीपी दंडावरच मोजावं

मनगटावरचं घड्याळ ‘१२१/७९’ दाखवतं, तेव्हा तो आकडा मोजलेला आहे की अंदाजाने काढलेला, हे आधी माहीत हवं. कारण त्या आकड्यावर घरात निर्णय होतात. कुणी परस्पर गोळी अर्धी करतं, कुणी ‘आज बीपी छान आहे’ म्हणून लोणच्याची आणखी एक फोड घेतं, तर कुणी रात्री दोन वाजता १५० बघून घाबरून उठून बसतं. स्मार्टवॉच, बँड, अंगठी या वस्तू रक्तदाबाच्या माणसाला खरोखर उपयोगी पडतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र कामाची वाटणी नीट व्हायला हवी. आकडा दंडावरच्या पट्ट्याने घ्यायचा आणि चालणं, झोप, गोळीची वेळ यांची राखण घड्याळाकडे द्यायची. ही वाटणी घरी कशी बसवायची ते पुढे सविस्तर लिहितो.

हा खटाटोप कुणासाठी? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. म्हणजे तीन मोठ्या माणसांत एक. आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढलं असणार आणि दुखत नाही म्हणजे ठीक असणार, ही समजूत फार महागात पडते. शिवाय काहींचं बीपी दवाखान्यात धाकाने वाढतं आणि घरी बरोबर असतं. काहींचं नेमकं उलटं असतं: डॉक्टरांसमोर १२८ आणि घरी-कामावर १४५. हे दुसऱ्या प्रकारचे लोक घरी मोजल्याशिवाय सापडतच नाहीत.

घड्याळ नेमकं काय बघतं

१८९६ साली इटलीत रीव्हा-रोची यांनी दंडाला फुगवायचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजायची पद्धत आणली. १९०५ साली रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. पट्टा धमनी दाबून बंद करतो, मग हळूहळू सैल होतो आणि रक्त कोणत्या दाबाला पुन्हा वाहू लागतं ते कळतं. आजचं डिजिटल मशीन आवाजाऐवजी पट्ट्यातली कंपनं टिपतं आणि त्यांवरून वरचा-खालचा आकडा काढतं. तरी धमनीवर बाहेरून ठरावीक दाब देऊन पाहणं, हे मूळ तत्त्व तेच आहे.

बहुतेक घड्याळं असा दाब देतच नाहीत. तळाशी हिरवा दिवा असतो. तो कातडीत प्रकाश सोडतो आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताचं प्रमाण किती कमी-जास्त झालं ते परत आलेल्या प्रकाशावरून ओळखतो. त्यातून नाडीची लाट मिळते. शेतातल्या पाटात पाणी कसं येतं-जातं ते दिसावं, पण मोटारीचा जोर किती हे त्यावरून ताडायला लागावं, तसं हे आहे. नाडीचे ठोके मोजायला ही पद्धत उत्तम आहे. दाबाच्या बाबतीत मात्र तो तर्क असतो.

बाजारातल्या वस्तूंचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिल्या गटात घड्याळाच्या पट्ट्यातच फुगणारी पिशवी असते. ओमरॉनच्या हार्टगाइडला २०१८ च्या अखेरीस अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी नियामक संस्थेची, मंजुरी मिळाली आणि हुआवेच्या वॉच डी मालिकेतही अशीच पिशवी आहे. ही घड्याळं खरोखर दाब मोजतात, मात्र हात हृदयाच्या उंचीला धरावा लागतो. दुसऱ्या गटात सॅमसंगची घड्याळं आणि स्वित्झर्लंडचा हिलो बँड येतात. हिलो पूर्वी आक्तिया या नावाने ओळखला जायचा. यांना आधी दंडाच्या मशीनचे आकडे द्यावे लागतात आणि साधारण महिन्याने ही जुळवणी पुन्हा करावी लागते. सॅमसंगमध्ये ही मुदत २८ दिवसांची आहे. तिसरा गट ॲपलचा. सप्टेंबर २०२५ मध्ये एफडीएची मंजुरी मिळालेली ही सोय आकडा दाखवतच नाही. ३० दिवसांचा नाडीचा कल बघून ‘उच्च रक्तदाबाची शक्यता दिसते’ एवढंच कळवते आणि पुढे सात दिवस दंडावर मोजायला सांगते. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तरी इशारा आला नाही म्हणजे बीपी नाही, असं धरू नये. ज्यांचं निदान आधीच झालंय त्यांच्यासाठी, गरोदर बायकांसाठी आणि २२ वर्षांखालच्यांसाठी ती नाहीच.

चौथा गट आपल्याकडे सर्वाधिक विकला जातो: हजार-दोन हजारांची घड्याळं, जुळवणी न मागताच आकडा सांगणारी. यांतल्या बीपीच्या आकड्याकडे बघू नका, ही माझी स्पष्ट विनंती आहे. वय, वजन आणि नाडीचे ठोके यांवरून १२०/८० च्या आसपासचा काहीतरी आकडा दाखवणं अवघड नसतं, आणि घालणाऱ्याचं खरं बीपी १२०/८० च्या आसपास असलं की तो बरोबरही वाटतो. ज्याचं १६० आहे त्याचा मात्र घात होतो. शक्य असेल तर ॲपमध्ये ही सोय बंदच करा. पावलं आणि ठोके यांसाठी तेच घड्याळ खुशाल वापरा.

युरोपातल्या उच्च रक्तदाब तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की दाब देणारा, फुगणारा पट्टा नसलेल्या उपकरणांवरून निदान करू नये आणि औषधही ठरवू नये. एफडीएनेही २०२५ मध्ये मंजुरी नसलेल्या अशा उपकरणांपासून लोकांना सावध केलं.

पहिली पायरी: दंडाचं मशीन

घड्याळावर पैसे घालण्याआधी साधारण दोन-तीन हजारांचं दंडाचं डिजिटल मशीन घ्या. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मशीनच घ्या. मनगटावर बांधायची वेगळी बीपी मशीन मिळतात, ती शक्यतो नकोत, कारण हाताची उंची जरा चुकली तरी आकडा बदलतो. ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर चाचणीत उतरलेल्या मॉडेलांची यादी आहे. दुकानात जाण्यापूर्वी मॉडेलचा नंबर तिथे बघून घ्या.

पट्ट्याचं माप ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा मध्यम पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवा. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत, मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांना मध्यम पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी जवळपास ५ ने जास्त आला. खूप जाड दंडांच्या बाबतीत फरक जवळपास २० चा होता. म्हणजे नुसत्या चुकीच्या पट्ट्यापायी माणूस आयुष्यभराच्या गोळीला लागू शकतो.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. वरच्या आकड्यात १० हून अधिक फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि यापुढे जास्त आकडा येणाऱ्या हातावरच मोजत जा. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली शीर-धमनीची जोडणी) असलेल्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही.

दुसरी पायरी: सात दिवसांचा पाया

घड्याळ अजून डब्यातच राहू द्या. आधी आपलं खरं बीपी किती ते कळायला हवं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण नव्या मशीनचं दडपण असतं. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे होतात, त्यांची सरासरी काढायची.

सकाळची वेळ म्हणजे उठून लघवीला जाऊन आल्यावर, पण चहा, नाश्ता आणि बीपीची गोळी यांच्या आधी. आपल्याकडे चहाशिवाय दिवस सुरू होत नाही हे मान्य, तरी या आठवड्यात चहा दहा-पंधरा मिनिटं थांबवा. चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम यांनंतर किमान अर्धा तास जायला हवा. तंबाखूत मिश्री आणि गुटखाही आले.

बसायचं खुर्चीवर, पाठ टेकून, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. मांडी घालून किंवा पलंगाच्या काठावर नको. पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं, मोबाइल बाजूला आणि टीव्ही बंद. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. हाताच्या जागेने किती फरक पडतो ते २०२४ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तपासलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबता ठेवला तर ६.५ ने जास्त येतो. शर्टाची बाही वर सरकवून दंडाला काचत असेल, तर तो हात बाहीतून बाहेरच काढा. ब्लाउजच्या घट्ट बाहीलाही हेच लागू. मोजताना बोलायचं नाही. ‘किती आलं गं?’ हा प्रश्न मशीन थांबल्यावर.

आलेला आकडा जसाच्या तसा लिहा. जास्त आला म्हणून तो सोडून पुन्हा पुन्हा मोजत राहायचं आणि सर्वांत कमी आलेला वहीत लिहायचा, हे घरोघरी चालतं. त्याने डॉक्टरांची फसगत होते आणि भोगावं आपल्यालाच लागतं.

घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तो उच्च रक्तदाब धरतात. दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरी थोडी खाली येते, हे अनेकांना माहीत नसतं. गोळ्या सुरू असणाऱ्यांचं लक्ष्य वय, मधुमेह आणि मूत्रपिंडाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतात. अमेरिकी निकष आपल्याकडच्यापेक्षा कडक आहेत, म्हणून इंटरनेटवर वाचलेली रेषा परस्पर स्वतःला लावू नका.

तिसरी पायरी: घड्याळ नीट बसवणं

घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधायचं. सैल असेल तर उजेड आत शिरतो, फार आवळलं तर रक्तच अडतं. ज्या हातात बांगड्या किंवा कडं असेल तो हात टाळा. बांगड्या सेन्सरवर सरकत राहतात. गोंदवलेल्या कातडीवर आणि थंडीत हात गार पडल्यावर वाचन बिघडतं. ॲपमध्ये वय, उंची, वजन खरं भरा. चार्जिंगची वेळ एकच ठरवा, आंघोळ आणि पूजेची वेळ सोयीची पडते. म्हणजे रात्री झोपेत ते हातावर राहतं.

जुळवणी लागणारं घड्याळ असेल तर ती वर सांगितलेल्या शिस्तीनेच करा. घाईत, जिना चढून आल्यावर जुळवणी केली तर पुढचा महिनाभर घड्याळ त्या चुकीच्या पायावर आकडे सांगत राहतं. घड्याळ दुसऱ्या हातात घेतलं किंवा औषध बदललं, तर मुदत संपायची वाट न बघता नव्याने जुळवणी करावी.

ईसीजी किंवा अनियमित ठोक्यांचा इशारा देण्याची सोय असेल तर ती जरूर सुरू करा. बीपी असणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके, जास्त आढळतात आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. असा इशारा पुन्हा पुन्हा आला तर ईसीजी काढून घ्या. ज्यांना हा त्रास आधीपासून आहे त्यांचं डिजिटल मशीनवरचं बीपीही हेलकावे खातं, म्हणून त्यांनी एका वेळी तीनदा मोजून सरासरी घ्यावी.

चौथी पायरी: गोळीची आठवण

यासाठी घड्याळ घेतलं तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. बीपी ताब्यात न येण्याचं एक मोठं कारण म्हणजे सुटलेल्या गोळ्या. मोबाइलचा गजर दुसऱ्या खोलीत वाजतो, मनगटावरची थरथर चुकत नाही. रोज एकाच वेळी आठवण लावा, आणि ‘घेतली’ हे बटण गोळी गिळल्यावरच दाबायचं, आधी नाही, हा नियम घरात पक्का करा. मोजणीच्या दिवशी आठवण मोजणीनंतरची ठेवा.

सरासरी १२० वर आली की ‘आता गोळीची गरज नाही’ असं वाटू लागतं. ती सरासरी त्या गोळीमुळेच आलेली असते. कमी करायची, बदलायची की बंद करायची हे डॉक्टर सांगतील. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढू शकतं, तेव्हा त्यांचीही नोंद ठेवा.

पाचवी पायरी: चालणं आणि झोप

दहा हजार पावलांचं बंधन मनातून काढा. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, त्यामागे वैद्यकीय अभ्यास नव्हता. पहिला आठवडा नेहमीसारखे वागा आणि रोजची सरासरी पावलं बघा. ती तीन हजार असेल तर पुढचे पंधरा दिवस चार हजार. मग पुन्हा थोडी वाढ. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भराभर चालणं हे लक्ष्य. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल सुरू असेल तर ठोके मुळात कमी असतात. घड्याळाचे ठोक्यांवरून ठरवलेले व्यायामाचे ‘झोन’ मग लागू पडत नाहीत, त्यामुळे ते गाठायला धावू नका.

झोपेत किती वेळ गाढ आणि किती वेळ स्वप्नांची, याचे रंगीत पट्टे मनावर घेऊ नका. तो अंदाज कच्चा असतो. रोज झोपायची वेळ किती सरकते आणि एकूण किती तास मिळतात, एवढं बघा. माणूस मोठ्याने घोरतो, दिवसा पेंगतो, रात्री ऑक्सिजन वारंवार खाली जाताना दिसतो आणि तीन-तीन गोळ्यांनीही बीपी उतरत नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे झोपेच्या तपासणीची गोष्ट काढा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार बीपीमागे दडलेला असू शकतो.

घड्याळाला न दिसणारं मीठ

कुठलंही घड्याळ मीठ मोजत नाही, आणि आपल्या बीपीची बरीचशी गोष्ट मिठातच आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. घरचा हिशेब सोपा आहे. चार मोठ्या माणसांच्या घरात ५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ६०० ग्रॅम होतात. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर चाललंय. बाहेरचा वडापाव, फरसाण आणि बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. यासाठी कुठलं ॲप लागत नाही.

पापडात मीठ असतंच, पापडखारातही सोडियम असतं. लोणचं, ठेचा, खारवलेल्या मिरच्या, कोकणात आणि गोव्यात सुके बोंबील, खारं. उपासाला वेफर्स आणि चिवडा. सैंधव चालतं असं समजून सढळ हाताने घालू नका, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. पित्तासाठी पाण्यात फसफसणाऱ्या पुड्यांतही सोडियम भरपूर असतं. ताकात आणि भातावर वरून मीठ घ्यायची सवय तोडणं सर्वांत सोपं, तिथूनच सुरुवात करावी. जिभेला दोन-चार आठवड्यांत सवय होते. कमी सोडियमचं पोटॅशियमयुक्त मीठ बीपीला उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

नोंद, डॉक्टर आणि लांब राहणारी मुलं

पाया घालून झाला की रोज मोजायची गरज नाही. औषध बदललं किंवा डॉक्टरांची भेट जवळ आली की पुन्हा सात दिवस मोजा. एरवी आठवड्यात एक-दोन दिवस पुरतात. दिवसात दहा वेळा मोजल्याने काळजी वाढते आणि काळजीने आकडा वाढतो. घड्याळाने अचानक वेगळाच आकडा दाखवला, तर घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही. पाच मिनिटं बसून दंडावर मोजायचं आणि तोच आकडा धरायचा.

दवाखान्यात जाताना एकच पान न्या. त्यावर सात दिवसांची सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, गोळ्यांची नावं आणि वेळा, किती गोळ्या सुटल्या, सरासरी पावलं आणि झोप एवढं असू द्या. ॲपचे चाळीस आलेख मोबाइलवर सरकवत बसलात तर गर्दीच्या ओपीडीत कुणीच ते बघणार नाही.

आई-बाबा साताऱ्याला आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात, अशी घरं आता खूप आहेत. ब्लूटूथचं मशीन घेतलं तर आकडे ॲपमधून मुलांना दिसू शकतात. पण त्याआधी आई-बाबांना विचारा. प्रत्येक आकड्याला ‘बाबा, हे काय आज १४८?’ असा फोन गेला, तर चौथ्या दिवशी मशीन कपाटात जातं. रविवारी आठवड्याच्या सरासरीवर बोलावं आणि ते किती चालले ते आधी विचारावं. ॲप कोणती माहिती कुणाला पाठवतं तेही सेटिंगमध्ये बघून घ्या. अनोळखी कंपनीच्या ॲपला संपर्कयादी आणि लोकेशन देण्याचं काहीच कारण नाही.

गरोदरपणात घड्याळाच्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. विसाव्या आठवड्यानंतर बीपी वेगाने चढू शकतं. १४०/९० दिसलं, किंवा डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दंडावर १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं आणि त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, दिसेनासं होणं यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. आकडा झटकन उतरावा म्हणून जिभेखाली निफेडिपिनची गोळी ठेवण्याची जुनी सवय धोक्याची आहे. दाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

मशीन वर्षातून एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या उपकरणाशी ताडून बघा. पट्ट्याची नळी चिरली किंवा वेल्क्रो सुटू लागलं तर पट्टा बदला. आणि बॅटरीची खूण दिसली की त्याच दिवशी नवे सेल घाला.